वाईच्या घाटावरील एक विभक्तिविचार

पुण्याहून खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूरच्या फाट्यास वळले, की थोड्याच वेळात कृष्णाकाठची वाई येते. गेल्या हिवाळ्यात आम्ही तेथे गेलो, ते केवळ देवदर्शनासाठी नव्हे. आजोबांच्या वाड्याचे पुढे काय करावयाचे, हे चुलत भावंडांशी बोलून ठरवावयाचे होते.

सकाळी, गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेल्या देवळात ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन घाटावर बसलो. बरोबरचा पुतण्या तुर्की भाषा शिकत आहे. ज्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्याचे संपादन या गावी झाले. तेव्हा येथे परभाषेची गोष्ट निघावी यात नवल ते काय! तो म्हणाला, “काका, आपण ‘वाईचा घाट, वाईची नदी, वाईचे देऊळ’ म्हणतो. आपली षष्ठी पुढच्या नामाचे लिंग पाहून रूप पालटते. तुर्कीत लिंगभेदच नाही. पण मालकीचा प्रत्यय वस्तूलाच चिकटतो. ‘एव’ म्हणजे घर, ‘एविम’ माझे घर, ‘एविमिझ’ आमचे घर. त्यापुढे सप्तमीचा ‘दे’ लावला की ‘एविमिझदे’, म्हणजे आमच्या घरात. सारे एकाच शब्दात!”

आम्हांस मराठीत रुळलेला ‘बेगम’ शब्द आठवला. ‘बेग’ या तुर्की शब्दास ‘माझा’ या अर्थाचा प्रत्यय लागून तो झाला, असे सांगतात.

“मग ‘आपले घर’ कसे म्हणतात रे?” आम्ही विचारले.

“त्यालाही ‘एविमिझ’च. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे प्रत्यय सांगत नाही.”

हे उत्तर मनात घोळत राहिले. मराठीत ‘आमचे’ म्हटले की समोरचा बाहेर राहतो. ‘आपले’ म्हटले की तो आत येतो.

दुपारी ओसरीवर बोलणी सुरू झाली. तिकडून ‘आमचा सोपा’, इकडून ‘आमचे माजघर’, असे चालले होते. अखेर थोरल्या वहिनी आतून म्हणाल्या, “भावोजी, आपल्या वाड्यात पाने मांडली आहेत. आधी जेवून घ्या.”

वाटणीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, हे खरे. तथापि जेवणानंतर ‘आमचा’ हा शब्द कोणी उच्चारला नाही, आणि पुढील गणेशचतुर्थीस सर्वांनी तेथेच जमावयाचे ठरले. तुर्कीने जो भेद प्रसंगावर सोपविला आहे, त्यासाठी मराठीने दोन निराळे शब्द दिले आहेत. त्यांतला कोणता ओठांवर आणावयाचा, हे मात्र ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावयाचे.