दोन गोळ्या, एक औषध

मी तेव्हा नववीत शिकत होतो. आम्ही जुन्या जालन्यात राहत होतो. माझ्या दादीजानला रक्तदाबाचा विकार होता. ती रोज सकाळी एक पांढरी गोळी घेत असे. तिला वाचता येत नव्हते. गोळीच्या रंगावरूनच ती औषध ओळखत असे.

एकदा घरात पैशांची ओढाताण होती. डॉक्टरांना विचारून अब्बांनी कुंडलिका नदीपलीकडे, नव्या जालन्यातील जनऔषधी केंद्रातून गोळ्या आणल्या. सरकारने ही योजना २००८ साली सुरू केली. तेथे औषधे कंपनीने दिलेल्या नावाने नव्हे, तर मूळ नावाने मिळतात. त्यांना जेनेरिक औषधे म्हणतात. ती बरीच स्वस्त असतात. ही गोळी पिवळी होती. "दादीजान, नवी गोळी आणली आहे," असे म्हणून मी ती तिच्या डब्यात ठेवली. जुन्या गोळ्या काढायचे मात्र मी विसरलो.

चौथ्या दिवशी दादीजान अंगणात चक्कर येऊन पडली. तिच्या कपाळाला खोक पडली. डॉक्टरांनी तपासले, तर रक्तदाब फारच उतरला होता. त्यांनी डबा मागवला.

"आजी, कोणती गोळी घेता?"

"दोन्ही, बेटा. एक जुनी, एक नवी."

डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या माझ्या हातात दिल्या. दोन्हींवर एकच नाव होते : ॲम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम.

"मग रंग वेगळा का?" मी विचारले.

डॉक्टर म्हणाले, "५ मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दोनशेवा भाग. एवढेसे औषध चिमटीतही येणार नाही. म्हणून त्यात स्टार्च, सेल्युलोज असे पदार्थ मिसळून गोळी बनवतात. काहींत रंगही घालतात. हे पदार्थ रोग बरा करत नाहीत. प्रत्येक कंपनी ते आपापल्या पसंतीने निवडते. मात्र काही गोळ्यांत दुधातील साखर असते. कोणाला अशा पदार्थाचा त्रास होत असेल, तर त्याने आधी सांगावे."

दादीजान बरी झाली. पण तिच्या कपाळावरचा व्रण पाहिला, की माझी मान खाली जाते. २०१८ पासून औषधाचे मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे लागते. ते नाव मी वाचले असते, तर!

आता मोहल्ल्यातील वडीलधारी माणसे आपल्या पट्ट्या घेऊन माझ्याकडे येतात. मी रंग पाहत नाही, नाव वाचतो.