उद्यमबागेतील एक सकाळ

बेळगावकरास कारखान्याचे अप्रूप असण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान थाटले ते याच गावी, आणि पुढे १९०३ साली लोखंडी नांगर घडविला तोही येथेच. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी त्या नांगरास हात लावीनात. पहिले गिऱ्हाईक मिळावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि तो कारखाना तिकडे गेला. परंतु ओतकामाशी गावाचे नाते तुटले नाही.

असे असूनही उद्यमबागेतील फाउंड्री मी आतून पाहिली नव्हती. परवा एका माजी विद्यार्थ्याने आग्रह धरला. तो तेथे इंजिनिअर आहे. त्याचे वडील त्याच फाउंड्रीत तीस वर्षे मोल्डर होते. तिसरे रेल्वे फाटक ओलांडून आम्ही तिघे निघालो. हस्तकौशल्याचा अस्त पाहावयाचा आहे, अशी हळहळ मी घरूनच सोबत घेतली होती.

आत धुराचा लोट नव्हता. कोक, चुनखडी आणि बिडाचे थर रचून पेटवावयाची क्युपोला भट्टी केव्हाच निघाली. तिच्या जागी विजेची भट्टी आहे: तांब्याच्या वेटोळ्यातून वीज खेळते आणि आतले लोखंड ज्वालेवाचून स्वतःच तापून वितळते. त्या रसाची एक चकती यंत्रात ठेवली, ठिणगी उडाली, आणि कार्बन किती, सिलिकॉन किती, हे मिनिटाच्या आत पडद्यावर उमटले. रस साच्यात कसा पसरेल, पोकळी कोठे राहील, हेही संगणक ओतण्यापूर्वीच दाखवितो.

वडिलांनी वाळूची मूठ आवळली, मोडली आणि म्हणाले, "पाणी बरोबर आहे." मुलाने यंत्रावरचा आकडा दाखविला. तोही तेच सांगत होता. मी विचारले, "हे कसे ओळखता?" ते हसले. "सर, ते सांगता येत नाही. हाताला कळतं."

"मग ही विद्या बुडणार, याचे वाईट नाही वाटत?"

त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "हात शिकला, पण छाती गेली, सर. ती वाळूची धूळ सगळी आत बसली. पोराची छाती राहिली, एवढं पुरे."

मी निरुत्तर झालो. नांगराला विटाळ मानणाऱ्या त्या शेतकऱ्यांत आणि माझ्यात फारसे अंतर नव्हते. ते निदान आपल्या जमिनीसाठी भीत होते. मी मात्र दुसऱ्याच्या छातीवर माझी हळहळ पोसत होतो.

तथापि एक प्रश्न उरलाच. वडिलांच्या वेळी ज्या जागी सोळा जण साचे भरीत, तेथे आता चौघे यंत्र चालवितात. उरलेले बारा कोठे गेले, असे मी विचारले तेव्हा मुलगा गप्प राहिला.

परतताना मनात आले, त्या चौघांना शेकडेवारी आणि दशांश अपूर्णांक नीट यावे लागतात. दरवर्षी माझ्या शाळेतून काही मुले नेमकी तेवढ्यासाठीच नापास होऊन बाहेर पडतात. त्यांची गणती त्या चौघांत होणार की बाराजणांत, याचा निकाल फाउंड्रीत लागत नाही. तो माझ्या वर्गात लागतो.