तिसरा खण

निवृत्तीनंतर घराण्याची वंशावळ संगणकावर उतरवायला घेतली आणि त्यासाठी प्रोलॉग ही भाषा शिकलो. 1972 च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे आलाँ कोल्मेरोएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडविली. तिच्यात कृतीच्या पायऱ्या सांगाव्या लागत नाहीत; तथ्ये आणि नियम तेवढे मांडायचे. अमक्याचे वडील अमुक, हे तथ्य. वडिलांची बहीण ती आत्या, आत्याचा मुलगा तो आतेभाऊ, हे नियम. प्रश्न विचारला की यंत्र त्यांतून उत्तर सिद्ध करू पाहते. सिद्ध झाले तर 'होय', न झाले तर 'नाही'.

पहिल्याच आठवड्यात यंत्राने माझ्या बहिणीला तिचीच बहीण ठरविले. दोन्ही व्यक्ती भिन्न असाव्यात, ही अट मी लिहिलीच नव्हती. ती घातली; पण एक नियम बदलला की त्यावर उभे असलेले दुसरे नियम कुठे डळमळतात, ते सहजी दिसत नाही. म्हणून एक लहानशी शेल स्क्रिप्ट लिहिली. एका फाइलीत ओळीला एक प्रश्न आणि त्यापुढे अपेक्षित उत्तर. स्क्रिप्ट प्रत्येक प्रश्नासाठी प्रोलॉग नव्याने सुरू करते आणि काम संपताना ते जो अंक मागे ठेवते तो पाहते. शून्य म्हणजे 'होय'. शून्याखेरीज काहीही आले की मी ते 'नाही' धरले.

एका संध्याकाळी सर्व 40 चाचण्या उत्तीर्ण झाल्या. समाधानाने यादी वाचू लागलो, तो नियमांत 'आतेभाऊ' आणि काही प्रश्नांत 'आत्तेभाऊ'! या दुसऱ्या नावाचा नियमच यंत्राला ठाऊक नव्हता. त्याने त्रुटी नोंदवून काम थांबविले होते; अपेक्षित उत्तर 'नाही' असल्यामुळे माझ्या स्क्रिप्टने त्यावर पसंतीची मोहोर उमटविली होती. वस्तुतः मी वापरतो ते एसडब्ल्यूआय-प्रोलॉग सिद्ध न झालेल्या प्रश्नाला 1 आणि त्रुटीला 2 असे वेगळे अंक देते. दोन्ही एकाच खणात टाकले होते ते मीच.

ते पाहून नोकरीतील एक नस्ती आठवली. एका विधवेचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज. सेवापुस्तकात तिचे माहेरचे नाव, अर्जात सासरचे. लिपिकाने 'नोंद आढळली नाही' असे लिहिले; मी त्याखाली 'अपात्र' असा शेरा मारून सही केली. नियमाने तिला नाकारले नव्हते. तिचा प्रश्न आम्ही नियमापर्यंत पोहोचूच दिला नव्हता. दीड वर्षाने ती पुन्हा आली, तेव्हा चूक दुरुस्त झाली. मधला काळ तिने कसा काढला, हे मी विचारले नाही.

आता माझ्या स्क्रिप्टमध्ये तीन खण आहेत : होय, नाही, आणि प्रश्नच कळला नाही. तिसऱ्या खणात एक ओळ जरी आली तरी स्क्रिप्ट तिथेच थांबते, आणि ती ओळ मी स्वतः वाचल्याखेरीज पुढे सरकत नाही. कचेरीतल्या माझ्या टेबलावर दोनच खण होते. तिसरा मागायला कोणी मला अडविले नव्हते.