चौरंगाभोवतीची खोली

वरळी, नायगाव, शिवडी, ना. म. जोशी मार्ग. इथल्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात उभ्या राहिल्या आणि त्यांतली एक खोली असायची 160 चौरस फुटांची. तेवढ्यात मोरी, स्वयंपाक, देव आणि अख्खं कुटुंब. खोली सजवायची कशी, असं तिथल्या बायकांना कुणी विचारलं नसेल; त्यांनी मात्र ते रोज करून दाखवलं. सकाळी वळकट्या गुंडाळून लोखंडी कॉटवर रचल्या आणि वरून सोलापुरी चादर ताणून घातली की झोपायच्या खोलीची बैठकीची खोली व्हायची. दुपारी सतरंजी पडली की तांदूळ निवडणं, दिवेलागणीनंतर तिथंच पाढे, रात्री तिथंच पानं. कॉटखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत हिवाळ्याची पांघरुणं आणि लग्नातले शालू. पाहुणा आला की तीच ट्रंक बाहेर ओढून, वर गोधडीची घडी टाकून त्याला बसायला द्यायची. खोली एकच, पण दिवसभर कूस बदलणारी.

या घरांनी मला एक गोष्ट पटवली. सामान किती कामं करतं याच्याइतकंच, काम झालं की ते किती सहज बाजूला होतं, हेही पाहावं.

लाकडी वस्तूंमध्ये माझा जीव आहे तो चौरंगावर. वीतभर उंचीचे चार कातीव पाय, वर चौकोनी फळी, हौस असेल तर कडेनं पितळेची पट्टी. भाद्रपदात त्यावर गणपती बसतो. सत्यनारायणाला चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट बांधले की त्याचा मंडप होतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्यावर महालक्ष्मीचा घट असतो. आणि सणवार नसेल तेव्हा? तेव्हा त्यावर पोरं शुद्धलेखन लिहितात, कुणी पेटी ठेवून सूर धरतं, चहाचा ट्रे येतो. 2020 च्या टाळेबंदीत माझं सगळं ऑफिस चौरंगावर मांडलेलं होतं, आणि मांडी घालून बसल्यावर त्याची उंची मला अगदी बेतानं जमून गेली. त्यावर पाय मात्र आमच्याकडे कुणी ठेवत नाही. इतक्या संसारी कामांना लागूनही त्याचा मान तसाच राहतो, याचं मला फार अप्रूप आहे.

हे त्याला जमतं ते त्याच्या घडणीमुळे. त्याला पाठ नाही, तोंड नाही. चारी बाजू सारख्या, म्हणून तो कुठल्याही कोपऱ्यात आणि खोलीच्या मधोमधही शोभतो. एकटी बाई उचलून नेईल इतकंच वजन. पाट तर त्याहून सुटसुटीत. जेवायला, मुंजीला, भाऊबीजेच्या ओवाळणीला मांडला आणि काम झालं की भिंतीशी उभा केला. कोकणात फणसाचे पाट असतात. नवे असताना हळदीसारखे पिवळे, आणि वर्षं सरतील तसे तांबूस, मग गडद होत जाणारे. हा रंग कुठल्या पॉलिशनं आणता येत नाही.

आता नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की आधी सुतार येतो. आठ बाय चारचे प्लायवूड जिन्यावरून चढतात आणि पाहता पाहता हॉलची एक भिंत पूर्ण भरते: मधे टीव्ही, दोन्हीकडे कप्पे, खाली खण, सगळं भिंतीला ठोकलेलं, वर सनमायका. दिसायला नेटकं असतं, मला कबूल आहे. पण घर बदलत राहतं. बाळ येतं, त्याला फरशी हवी असते. दहावीचं वर्ष येतं, त्याला शांत कोपरा हवा असतो. घरातलं म्हातारं माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं, आणि रुग्णाची कॉट हॉलमध्ये आणावी लागते, तीही अशी, की दोन्ही बाजूंनी उभं राहून कूस वळवता येईल. त्या दिवशी ठोकलेली भिंत एक इंचही हलत नाही. म्हणून खिळ्यानं धरलेल्या सामानावर माझा राग आहे. ओटा आणि माळा सोडून घरात काहीही कायमचं ठोकू नये, या मताची मी आहे.

रंगाचं म्हणाल तर मला सावंतवाडी आठवते. तिथल्या चितार आळीत लाकडी फळं, खेळणी, पाट, चौरंग यांवर रंग चढत आले. संस्थानच्या वाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकात या लाखकामाला आणि गंजिफाच्या पत्त्यांना पुन्हा उभारी दिली. दशावतारी गंजिफाचा संच 120 पानांचा, गोल गोल पानांवर अवतारांची चित्रं. अशी चार-पाच पानं चौकटीत बसवून लावली तर एका भिंतीला पुरतात. बाकी भिंती मोकळ्या सोडाव्यात. रंगीत वस्तू एकमेकींना खेटून ठेवल्या तर एकीचंही रूप दिसत नाही. लाल-पिवळ्या वेलबुट्टीचा एक पाट पांढऱ्या भिंतीशी नुसता टेकवून ठेवा, खोलीत शिरणारा आधी तिकडेच पाहील. आणि लागेल तेव्हा त्यावर बसताही येईल. नुसती शोकेसमध्ये कोंडलेली, हात न लागणारी शोभा मला कधी आपली वाटलीच नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी दिवाणाच्या पायथ्याशी असावी, म्हणजे दुपारी कुणीही ती ओढून आडवं होईल. पितळेचा तांब्या खिडकीत ठेवावा, त्यात पाणी असावं.

भाचीनं गेल्या वर्षी डोंबिवलीत घर घेतलं. "मावशी, आधी काय घेऊ?" असं तिनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, खाली खण असलेला एक दिवाण, एक चौरंग, एक मोठी सतरंजी. बाकी एक पावसाळा जाऊ दे. कुठल्या भिंतीला ओल धरते ते कळेल, दुपारचं ऊन कुठवर येतं ते कळेल, तुम्ही दोघं चहा कुठे पिता तेही कळेल. तिनं ऐकलं. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला खरंच ओल आली आणि नवरा-बायकोनं दिवाण उचलून समोरच्या भिंतीशी नेला. आता खिडकीखालची जागा रिकामी झाली आहे आणि फोनवर आमचा वाद चालू आहे. तिला तिथं वेताची खुर्ची हवी आहे. मी म्हणते, तिथं काहीच ठेवू नकोस, निदान दिवाळीपर्यंत तरी.