पाण्याच्या नळाला बांधलेली वीज

#धागा

१/७
घरातील विजेच्या सुरक्षिततेचा भार अमेरिकेने दीर्घकाळ पाण्याच्या नळावर टाकला होता. तो नळ बदलला तेव्हा तो भारही निराधार झाला. मात्र कुणाला त्याची चाहूल लागली नाही.

२/७
मार्च १८८६. मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन येथे विल्यम स्टॅन्ले याने ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्याने दिवे उजळले. उच्च दाबाची वीज दूरवर नेऊन दारापाशी तिचा दाब उतरवणे शक्य झाले. धोकाही तेथेच होता. ट्रान्सफॉर्मरमधील इन्सुलेशन निकामी झाले, तर बाहेरचा उच्च दाब थेट घरात शिरे.

३/७
घरात येणाऱ्या तारांपैकी एक जमिनीशी जोडून ठेवावी, हा त्यावरील उपाय. त्याने आगीचा धोका वाढेल, असा आक्षेप काही विमातज्ज्ञांनी घेतला. अखेर १९१३च्या राष्ट्रीय विद्युत संहितेने घरगुती दाबाच्या पुरवठ्याला ही जोडणी बंधनकारक केली.

४/७
पण जमीन गाठायची कशी? शहरांत उत्तर तयारच होते. रस्त्यांखाली मैलोगणती पसरलेल्या लोखंडी जलवाहिनीइतका जमिनीशी घट्ट संबंध जमिनीत ठोकलेल्या एखाद्या सळईचा कुठून असणार? एक तार, एक क्लॅम्प, काम झाले.

५/७
या सोयीची किंमत दुसऱ्यांवर पडली. बाहेरची न्यूट्रल तार तुटली, तर घरातील प्रवाह नळातून शेजाऱ्याच्या घराकडे वाट काढतो. अशा वेळी पाण्याचे मीटर काढून नळाची दोन्ही टोके धरणारा प्लंबर स्वतःच त्या प्रवाहाचा पूल होतो. म्हणून मीटरला वळसा घालून जाड तार जोडावी लागते.

६/७
जलवाहिनी नसेल तेथे काय? दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनाच्या कोरड्या भूमीतील दारूगोळ्याच्या कोठारांसाठी हर्बर्ट उफर यांनी पायाच्या काँक्रीटमधील पोलादच अर्थिंगसाठी वापरले. अनेक वर्षांनी मोजणी केली, तेव्हाही रोध ५ ओहमच्या आतच होता. १९६८च्या संहितेने ही पद्धत स्वीकारली.

७/७
दरम्यान लोखंडाची जागा प्लास्टिक घेऊ लागले. प्लास्टिक वीज वाहत नाही. १९७८पासून संहितेने नळाच्या जोडीला दुसरा इलेक्ट्रोड अनिवार्य केला. परंतु नियम बदलला म्हणून जुनी घरे बदलत नाहीत. रस्त्याकडचा नळ प्लास्टिकचा झाला, तरी पाणी येते, दिवे लागतात, क्लॅम्पही जागेवर घट्ट असतो. नाहीशी झालेली असते ती केवळ जमीन. जुन्या घराचा नळ बदलण्यापूर्वी त्याला कुठली तार बांधलेली आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे.