कॅश नावाची तीन घराणी

चोपडे, पेडणे

चि. सुयश,

तुझ्या दुकानातल्या गोऱ्या पोरांची शंका पोचली. काजूच्या 'कॅश्यू'त गल्ल्यावरची 'कॅश' मुळीच नाही. उन्हाळ्यात बिया विकल्या की पेडण्यात हातात रोकड खेळते, म्हणून तसं वाटलं तर नवल नाही. पण काजू ब्राझीलचा. तिथल्या तुपी भाषेतला 'अकाजू' पोर्तुगीजांनी 'काजू' करून गोव्यात आणला आणि इंग्रजांनी त्याचा 'कॅश्यू' केला.

गल्ल्यावरची कॅश फ्रेंच-इटालियन घराण्यातली, मूळ अर्थ पेटी. आधी पैशांची पेटी, मग पेटीतले पैसे. लिस्बनमध्ये दुकानाच्या गल्ल्यावर 'काइशा' अशी पाटी असते, तीही पेटीच. लष्करातून अधिकाऱ्याला 'कॅशियर' करतात ते मात्र बडतर्फ करणं. त्या शब्दाचं मूळ मोडतोडीच्या अर्थाचं, बँकेतल्या कॅशियरशी त्याचं काही नातं नाही.

तिसरं घराणं आपल्या दक्षिणेचं, आणि खरी गंमत तिथेच. तमिळमध्ये लहान नाण्याला 'कासु' म्हणतात. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचंही 'काइशा' झालं आणि इंग्रजांनी तिथून 'कॅश' उचललं. मद्रासेत ८० कॅशचा एक फनम, ४२ फनमांचा एक पॅगोडा. त्रावणकोरात १६ कॅशचं एक चक्रम आणि २८ चक्रमांचा रुपया. हिशेब ठेवणाऱ्या कारकुनांची कीवच यावी! चीनमधल्या भोकाच्या तांब्याच्या नाण्यालाही इंग्रजांनी हेच नाव चिकटवलं. गोव्यात मात्र ६० रेइसचा तांगा आणि १६ तांग्यांची रुपिया चालायची.

या कॅशचा पुरावा तुझ्याच बाजूला, इंग्लंडात पडलाय. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासेसाठी १८०८ सालची दहा आणि वीस कॅशची तांब्याची नाणी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडून घेतली. ती घेऊन निघालेलं 'ॲडमिरल गार्डनर' जहाज जानेवारी १८०९मध्ये केंटच्या किनाऱ्यालगत गुडविन सँड्सच्या वाळूत रुतून बुडालं. १९८०च्या दशकात पाणबुड्यांनी ढिगांनी नाणी वर काढली. आजही ती तिकडे विकत मिळतात, आणि सोन्याची नसल्यामुळे फार महागही नसतात.

वीस कॅशच्या नाण्यावर एका बाजूला कंपनीचं सिंहांचं चिन्ह आणि दुसरीकडे फारसी मजकूर असतो. एखादं मिळालं तर दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, आणि गणपतीला येशील तेव्हा नाणंही घेऊन ये.

तुझा,
मामा