चंडिकेच्या देवळाचा पत्ता

अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांच्या गर्दीत एक थिएटर आहे. त्याचे नाव आता ‘किबे लक्ष्मी’ असले तरी जुन्या पुणेकरांच्या तोंडी ते अजून ‘प्रभात’च आहे. १९३४ साली ते सुरू झाले. इंदूरच्या किबे घराण्याची जागा, चालवणारे प्रभातवाले. ही व्यवस्था २०१४ च्या अखेरीपर्यंत टिकली. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली १९३३ मध्ये, आणि पुण्यात तिने काढलेला पहिला बोलपट ‘अमृतमंथन’ १९३४ चाच. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपट्यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरून घेतलेली. राजा क्रांतिवर्मा नरबळी बंद करतो आणि चंडिकेच्या देवळात राजगुरूची गुप्त सभा राजाच्याच वधाचा बेत रचते. पडद्यावर ते देऊळ पाहिल्यापासून मनात एकच प्रश्न घर करून बसतो : हे देऊळ कुठले? देवीची ती अवाढव्य मूर्ती, तो अंधार, ती ज्योत. असे देऊळ महाराष्ट्रात कुठेतरी असणारच, असे वाटत राहते. माझे म्हणणे असे की ते देऊळ शोधता येते, त्याला पक्का पत्ताही आहे, पण तो देवळांच्या यादीत नाही. ज्या चौकात प्रभातचे चित्रपट लोकांनी पाहिले तिथून निघून नारायण पेठेतून, नदी ओलांडून, जिथे ते तयार झाले तिथपर्यंत चालत जायचे, हा या शोधाचा रस्ता. पाऊण तासाची चाल आहे, पण पुरावे वाटेतच आहेत.

निघण्यापूर्वी एक लांबचे उदाहरण घेतो, कारण प्रश्नाचा आकार त्याने स्पष्ट होतो. अमेरिकेतल्या जुन्या चित्रपटांत मधूनच एखादी ‘टिकी’ धाटणीची इमारत दिसते : टोकदार उतरते छप्पर, कोरीव मुखवट्यांचे खांब, गवत, बांबू, मशाली. पाहणारा विचारतो, हे कुठले बेट? टिकी म्हणजे पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन बेटांवरची कोरीव मानवाकृती; माओरी लोकांत आणि मार्केसास बेटांवर हा शब्द आहे. पण टिकी नावाची इमारतीची शैली मात्र तिथली नव्हे. तिचे मूळ सापडते हॉलिवूडमध्ये, जिथे दारूबंदी उठली त्या सुमारास, १९३३-३४ मध्ये, अर्नेस्ट गँट नावाच्या गृहस्थाने ‘डॉन द बीचकोंबर’ हा बार थाटला. दक्षिण समुद्राची स्वप्ने विकणाऱ्या चित्रपटांनी लोकांच्या डोळ्यांत जे बेट भरवले होते, तेच लाकूड-बांबूत उभे राहिले. म्हणजे नकाशावर बेट शोधणारा चुकतो. शोधायचा तो सुतार. ‘अमृतमंथन’ त्याच वर्षांतला आहे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण चूक होण्याची जागा एकच आहे. इमारतीचे रूप पाहून आपण तिचे गाव ठरवतो आणि ती कशी बांधली आहे हे पाहायचे विसरतो.

चौकातून केळकर रस्त्याने पश्चिमेला वळले की पहिला पुरावा कानांवरच आदळतो. दुचाक्यांचे हॉर्न, कुणाची हाक, देवळातली घंटा, कावळे. नव्वद वर्षांपूर्वी गाड्यांची ही गर्दी नव्हती, पण टांगे होते, फेरीवाले होते, कावळे तर होतेच. १९३४ मध्ये संवाद आणि गाणी चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत. आवाज नंतर भरून घेण्याची आजची सोय हाताशी नव्हती. नटाच्या ओठांशी मायक्रोफोन ऐकत असे आणि त्याला वारा, पाखरे, पलीकडच्या गल्लीतली वरात हे सगळेच ऐकू येई. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत. दगडी देवळात बोललेला शब्द घुमट आणि भिंती पाच वेळा परत फेकतात; ‘अमृतमंथन’मधला राजगुरू कुजबुजतो आणि त्याची कुजबुज अक्षर न अक्षर कळते. ही कुजबुज दगडी गाभाऱ्यातली नाही. ती लाकडाच्या चौकटी, कापड आणि गिलावा यांच्यामधली, आवाज गिळणाऱ्या भिंतींमधली आहे. दुसरी गोष्ट, हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत झाला. मराठीत राजगुरू केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. तेच देऊळ, तीच सभा, आणि नट बदलून प्रसंग पुन्हा. पूजाअर्चा चालू असलेल्या कुठल्या देवस्थानाने आपला गाभारा इतके दिवस, तोही नरबळीच्या प्रसंगासाठी, दिला असता?

केसरी वाड्यावरून पुढे पेठेच्या आत शिरले की दुसरा पुरावा डोळ्यांना दिसतो. हा वाडा मूळचा गायकवाडांचा, तिथून लोकमान्यांकडे आलेला. आणि ज्यांचे नाव रस्त्याला आहे त्या न. चिं. केळकरांनी ‘केसरी’ इथूनच चालवला. पण इथे मला राजकारणापेक्षा लाकूड आणि दगड बोलवतात. नारायणराव पेशव्यांचे नाव लागलेल्या या पेठेत जे मोजके जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या जोत्याचे काळे दगड पाहावेत. उंबऱ्याजवळचा दगड पावलांनी मधोमध खोलगट झालेला असतो, कडेला नाही. सुरूदार खांबाचा खालचा हातभर भाग पाठी टेकून टेकून गुळगुळीत आणि काळपट झालेला असतो, वरचा भाग फिकट राहतो. कडीपाटाच्या फळ्या एकसारख्या कधीच नसतात. एक बदललेली, एक वाळवीने खाल्लेली, एक मूळची. देवळीत दिव्याची काजळी ज्योतीच्या बरोबर वर त्रिकोणी चढते. मोदी गणपतीच्या बाजूला आले की (खुश्रू मोदींची बाग इथे होती, म्हणून हे नाव) देऊळही हेच सांगते. माणसे जिथे खरोखर राहतात, नमस्कार करतात, तेल सांडतात, ती जागा असमान झिजते. झीज हा इमारतीचा जन्मदाखला आहे. चंडिकेच्या देवळाला तो नाही. तिथले खांब वरपासून खालपर्यंत सारख्याच वयाचे आहेत. इतक्या पिढ्यांचे बळी जिथे गेले, असे कथा सांगते, त्या जागेच्या फरशीवर एकाही पावलाचा खळगा नसावा, हे दगडाला शक्य नाही. रंगवलेल्या फळीला शक्य आहे.

याच देवळांच्या गाभाऱ्यात तिसरा पुरावाही मोजता येतो. पेठेतल्या जुन्या देवळाचा गाभारा आठ-दहा फुटांचा चौरस, दार खाली वाकून जाण्याइतके. ‘अमृतमंथन’ लक्षात राहतो तो राजगुरूच्या डोळ्यासाठी : पडदाभर फक्त एक डोळा. त्यासाठी टेलिफोटो भिंग वापरले गेले, आणि त्या भिंगाचा धर्मच असा की ते लांबून जवळचे दाखवते. कॅमेऱ्याला मागे सरायला जागा हवी. भिंत असेल तर ती काढता यायला हवी. खऱ्या देवळाची भिंत कुणी काढत नाही; नेपथ्याची भिंत मात्र चारपैकी एक नेहमीच नसते. शिवाय त्या काळच्या फिल्मला प्रकाशाची भूक फार. पडद्यावर जो अंधार दिसतो तोही दिव्यांच्या उजेडातून कोरून काढलेला आहे : एका बाजूने झगझगीत प्रकाश, दुसरी बाजू कापून काळी. मूर्तीवरचा उजेड समईचा असता तर फिल्मवर काहीच उमटले नसते.

इथे जाणकार वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. नेपथ्य असले तरी ते कशावरून तरी बेतलेले असणार. प्रभातचे कलादिग्दर्शन साहेबमामा फत्तेलालांचे, ते कोल्हापूरचे, मग मूळ शोधायचे ते अंबाबाईच्या देवळात किंवा कार्ल्याच्या लेण्यात. मला हे अर्धे पटते. काळ्या खांबांच्या रांगा आणि त्यांच्या मधला अंधार कोल्हापूरकराच्या डोळ्यांत असतोच. पण नक्षी उसनी घेणे वेगळे आणि इमारत तीच असणे वेगळे. मुलाचे नाक आजोबांवर गेले म्हणून तो मुलगा आजोबा ठरत नाही. आणि वंशच शोधायचा तर दगडापेक्षा कापड जवळचे आहे. फत्तेलाल आणि दामले दोघेही बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले, आणि बाबूराव व त्यांच्या नात्यातले आनंदराव संगीत नाटकांचे पडदे रंगवत. त्या पडद्यांवर रस्ता, जंगल, राजवाडा, देऊळ असे. कुठला रस्ता, कुठले देऊळ, हे कुणी विचारत नसे, कारण ते ‘देऊळ’ होते, अमक्या गावचे देऊळ नव्हते. बाबूरावांनी चित्रपटात तो सपाट पडदा बाजूला सारला आणि फिरता येईल, भोवती उजेड टाकता येईल असे भरीव नेपथ्य उभे केले. चंडिकेचे देऊळ हे त्या पडद्याचे नातवंड. पाहणाऱ्याला ते ओळखीचे वाटते ते म्हणूनच. एका देवळाची नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या रंगवलेल्या ‘देवळा’ची ती ओळख आहे.

या युक्तिवादाचा जिवंत दाखला पेठेतच दरवर्षी मिळतो. भाद्रपद जवळ आला की गल्लीच्या तोंडाशी बांबू पडतात, मग लाकडी चौकटी, प्लाय, कापड, आणि आठवड्यात एक महाल किंवा मंदिर उभे राहते. त्याचे खांब ठोकून पाहिले तर पोकळ वाजतात, मागच्या बाजूने खिळ्यांची टोके बाहेर आलेली दिसतात, आणि समोरून पाहणारा हात जोडतो. अनंत चतुर्दशीनंतर दोन-तीन दिवसांत रस्ता पुन्हा मोकळा. उद्या एखाद्या चित्रपटात गर्दीमागे असा महाल दोन क्षण दिसला, तर पन्नास वर्षांनी कुणीतरी तो नकाशावर शोधत बसेल. त्याच्या शोधात खोट काही नसेल. फक्त त्याला मंडळाच्या मांडववाल्याचा पत्ता हवा असेल, राजस्थानातल्या राजवाड्याचा नको.

पेठ उतरून भिडे पुलाशी आले की दुसरा आक्षेप नदीच सुचवते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे त्या पाण्यात गेले, नारायण पेठेतलेही. मग ज्याला आपण ‘नव्हतेच’ म्हणतो ते देऊळ कदाचित होते आणि वाहून गेले असेल तर? पुण्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही, कारण इथे खरोखरच्या इमारती एका दिवसात नाहीशा झाल्या आहेत. पण पुरावा शोधायचा तो नदीत नव्हे, चित्राच्या चौकटीत. वाहून गेलेल्या वाड्याचे चित्र कुठे उरले असेल तर त्यातही झिजलेला उंबरा दिसेल, काजळी दिसेल, असमान फळ्या दिसतील. इमारत गेली म्हणून तिच्या चित्रातली झीज जात नाही. चंडिकेच्या देवळाच्या चित्रातच ती नाही. उलट भीती आहे ती चित्राचीच : २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्यांत प्रभातच्याही होत्या. नायट्रेटची मूळ प्रत आणि तिच्यावरून काढलेली प्रत यांत सावलीतले तपशील आधी जातात. म्हणजे जिथे हा शोध घ्यायचा, तो अंधारच प्रतीगणिक सपाट होत जातो. वाड्याची नोंद ठेवावी इतक्याच निगुतीने त्या प्रतीची निगा राखली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

भिडे पूल ठेंगणा आहे. खडकवासल्यातून पाणी सोडले की तो बुडतो आणि पेठ व डेक्कन यांच्यामधली ही जवळची वाट बंद होते. पाणी नसेल तर पलीकडे डेक्कन जिमखाना, मग प्रभात रस्ता. रस्त्याला नाव कंपनीचे आहे, पहाटेचे नव्हे, हे आता सांगावे लागते. तिथून लॉ कॉलेज रस्ता, टेकडीच्या पायथ्याशी फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचे फाटक. १९६० मध्ये सरकारने इन्स्टिट्यूट काढली ती प्रभातच्याच जागेत, आणि प्रभातच्या काळातला स्टुडिओ तिथे आजही चित्रीकरणासाठी वापरात आहे. उंच छप्पर, वर दिवे टांगायच्या लाकडी पायवाटा, खिडक्या नाहीत, भिंती आवाज गिळणाऱ्या. केळकर रस्त्यावर कान जे मागत होते, गाभाऱ्यात भिंग जे मागत होते, ते सगळे इथे एकत्र आहे : शांतता, मागे सरायला जागा, हवा तेवढा आणि हवा तिथून उजेड.

चंडिकेच्या देवळाचा पत्ता हा आहे. ‘हे कुठले देऊळ’ याचे उत्तर ‘कुठलेच नाही’ असे देऊन थांबणाऱ्यांशीही माझे भांडण आहे, कारण त्या उत्तरात सुतार, गिलावा करणारे, मूर्ती घडवणारे, रंगारी सगळे नाहीसे होतात. कुणीतरी या जमिनीवर खडूने देवळाची आखणी केली, चौकटी ठोकल्या, त्यांवर कापड ताणले, त्याला दगडाचा रंग दिला आणि देवीचे डोळे रंगवले. चित्रीकरण संपले की चौकटी सोडवून लाकूड पुढच्या कामाला घ्यायचे, हा नेपथ्याचा रिवाज. पुढच्याच वर्षी प्रभातचे ‘चंद्रसेना’ आणि ‘धर्मात्मा’ आले. एकीकडे पाताळनगरी, दुसरीकडे एकनाथांचे पैठण, आणि दोन्हींच्या भिंतींना खिळे ठोकणारे हात याच आवारातले.